तीन ठिपक्यांचा खेकडा



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी आमच्या नात्यातले एक वृद्ध गृहस्थ राहतात. वय ब्याऐंशी. सारे गाव त्यांना आबा म्हणते. त्यांना तीन आठवड्यांपासून खोकला होता, म्हणून भेटीस गेलो होतो. त्याच दिवशी त्यांचा धाकटा मुलगा मुंबईहून आला. येताना त्याने भाऊच्या धक्क्यावरून बर्फाच्या डब्यात खेकडे आणले होते. खेकड्याच्या रश्श्याने छाती मोकळी होते, अशी त्या घराची जुनी समजूत. सूनबाई मात्र चिंतेत होत्या. आबांचे युरिक ॲसिड वाढलेले, रक्तदाबाची गोळी चालू, दातांची कवळी नवी. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊजी, हे आबांना चालेल का हो?"

मी उत्तर देण्याआधी आबांनीच एक खेकडा परातीत घेतला, उलटासुलटा केला आणि चष्मा पुढे सरकवून म्हणाले, "हे आपल्या वढ्यातलं खेकडं नव्हं रं. ह्याचा मागला पाय बघ, उलथन्यावाणी चपटा हाय. आन् पाठीवर हे तीन डोळे कशाचे?"

आबांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण प्राणिशास्त्रज्ञ ज्या दोन खुणांवरून हा खेकडा ओळखतात, नेमक्या त्याच दोन खुणा त्यांनी क्षणात टिपल्या. सूनबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तरही त्यातच होते. खेकडा हा शब्द एक असला तरी त्या एका शब्दामागे वेगवेगळ्या घरचे प्राणी आहेत, आणि कोणता खेकडा आपल्या स्वयंपाकघरात आला आहे हे ओळखल्यावाचून त्याच्याविषयीचा सल्ला पुरा होत नाही. म्हणून या वेळी आपण या पाहुण्याची ओळख जरा निवांत करून घेऊ. आपल्यापैकी अनेकांच्या घरी खेकडा शिजत नाही, हे जाणतो. त्यांनीही ही ओळख एक निसर्गवाचन म्हणून करून घ्यावी.

अंगलट

परातीतला तो खेकडा अरबी समुद्रातला. शास्त्रीय नाव पोर्टुनस सँग्विनोलेंटस. मराठीत आपण त्याला तीन ठिपक्यांचा खेकडा म्हणू. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट हवाई बेटांपर्यंतच्या उबदार समुद्रांत, किनाऱ्यालगतच्या वाळूच्या आणि चिखलाच्या तळावर तो आढळतो. मुंबई आणि रत्नागिरीच्या बंदरांवर जाळ्यांतून येणाऱ्या खेकड्यांत तो नेहमीचा आहे.

त्याच्या पाठीवरच्या कवचाला पृष्ठवर्म म्हणतात. हे कवच लांबीपेक्षा रुंदीला दुपटीहून अधिक भरते. रंग शेवाळी हिरवा. कवचाच्या मागल्या भागावर तांबूस-किरमिजी रंगाचे तीन मोठे ठिपके एका ओळीत असतात आणि प्रत्येकाभोवती फिकट कडे असते. आबांना 'डोळे' वाटले ते हेच. खरे डोळे पुढे, आखूड देठांवर असतात आणि गरज पडताच खोबणीत आडवे होतात. दोन डोळ्यांच्या मधल्या काठावर चार बारीक दाते असतात. डोळ्यांपासून बाजूला जाणाऱ्या काठावर प्रत्येक बाजूस नऊ दाते असतात. त्यांतला शेवटचा, नववा दाता इतरांहून कितीतरी लांब असून काट्यासारखा सरळ बाहेर निघालेला असतो. ज्यांना हे खेकडे साफ करावे लागतात त्यांनी या काट्यापासून बोट जपावे.

पायांच्या जोड्या पाच. म्हणून तो दशपाद गणातला. पहिली जोडी नांग्यांची. त्या लांब, सडपातळ आणि कंगोरे असलेल्या असतात. मधल्या तीन जोड्या चालण्याच्या. शेवटच्या जोडीची टोके मात्र वल्ह्यासारखी चपटी आणि गोलसर होतात. आबांचे 'उलथने' ते हेच. या वल्ह्यांच्या बळावर हा खेकडा पाण्यात चपळाईने पोहतो. ज्या कुलात तो मोडतो त्या पोर्टुनिडी कुलातल्या खेकड्यांना म्हणूनच पोहणारे खेकडे म्हणतात.

खेकडा उलटा केला की पोटाशी दुमडलेली एक पट्टी दिसते. ती त्याची शेपूट. नराची पट्टी अरुंद आणि निमुळती, तर प्रौढ मादीची रुंद आणि अर्धगोल. मादी या पट्टीखाली अंडी वाहते. समुद्री खेकड्याच्या अंड्यांची गणती लाखांत जाते. त्यांतून बाहेर पडणारी पिले आईबापांसारखी मुळीच दिसत नाहीत. ती काट्याकाट्यांची, सूक्ष्म, तरंगणारी असतात आणि अनेकदा कात टाकत टाकत खेकड्याचे रूप घेतात. मोठा खेकडाही वाढायचे म्हटले की जुने कवच टाकतो. नवे कवच टणक होईपर्यंत तो मऊ आणि असहाय असतो, म्हणून लपून बसतो. अशा वेळी पकडलेला खेकडा आकाराच्या मानाने हलका लागतो आणि त्यात मांसापेक्षा पाणी जास्त असते. हातात घेतल्यावर जड लागेल तो खेकडा भरलेला, ही बाजारातली परीक्षा याच कारणाने खरी ठरते.

नावाचा प्रवास

लिनियसने १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू आडनाव. दुसरा जातीचा, म्हणजे स्वतःचे नाव. त्या वेळी लिनियसने खेकडे, कोळंबी आणि शेवंड यांना सरसकट 'कॅन्सर' हेच आडनाव देऊन टाकले होते. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ खेकडा. पुढे बर्लिनमधील योहान फ्रीडरिख विल्हेल्म हेर्ब्स्ट या धर्मोपदेशकाने खेकड्यांवर तीन खंडांचा सचित्र ग्रंथ लिहिला. १७८२ ते १८०४ अशी बावीस वर्षे तो प्रसिद्ध होत होता. त्यात १७८३ साली आपल्या या खेकड्याला 'सँग्विनोलेंटस' हे नाव मिळाले. अर्थ, रक्ताचे डाग असलेला. तीन तांबड्या ठिपक्यांना याहून नेमके नाव कोणते असणार? १७९५ मध्ये पोर्टुनस ही प्रजाती वेगळी काढली गेली. रोमन लोकांच्या बंदरांच्या देवाचे ते नाव. अशा रीतीने या खेकड्याचे आडनाव बदलले, स्वतःचे नाव मात्र कायम राहिले.

अशी नावे एकदा ठरली की संपले, असेही नाही. याच प्रजातीतला निळा पोहणारा खेकडा दोन शतकांहून अधिक काळ एकच जात समजला जात होता. २०१० साली जोएल लाय, पीटर इंग आणि पीटर डेव्ही या अभ्यासकांनी रंग, दाते आणि आनुवंशिक घटक ताडून पाहिले आणि त्या एकाच्या चार जाती केल्या. खाडीतल्या मोठ्या चिंबोरीचीही १९९८ मध्ये अशीच चार जातींत वाटणी झाली. खेकडे तेच होते. पाहणारे अधिक बारकाईने पाहू लागले, इतकेच.

आपल्या मातीतला नातलग

आता आबांच्या ओढ्याकडे वळू. परभणी जिल्ह्यातून गोदावरी वाहते, दुधना आणि पूर्णा वाहतात. त्यांच्या काठांवर, ओढ्यांत, बांधांवरच्या बिळांत जो खेकडा आपण लहानपणापासून पाहतो, तो समुद्रातून चुकून आलेला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्याचाच रहिवासी आहे. दख्खनच्या अशा खेकड्यांचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स आणि कीटकशास्त्रज्ञ जॉन वेस्टवुड यांनी १८३६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. साइक्स हे मुंबई इलाख्यातर्फे दख्खनची पाहणी करणारे अधिकारी होते. त्या खेकड्याचे आजचे नाव बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. दुसऱ्या शब्दाचा संबंध सशाशी आणि सशाच्या बिळाशी आहे. म्हणजे इथेही नाव पाहण्यातूनच आले.

दोघांना शेजारी ठेवून पाहा. ओढ्यातल्या खेकड्याचे कवच गोलसर, फुगीर आणि बरेचसे गुळगुळीत असते. त्याच्या कडेला नऊ दात्यांची करवत नाही, बाजूला लांब काटा नाही. पाठीवर ठिपके नाहीत. रंग मातकट तपकिरी. सर्वांत सोपी खूण मागच्या पायाची. त्याच्या शेवटच्या पायाचे टोक चालण्याच्या इतर पायांसारखेच अणकुचीदार असते, वल्हे नसते. पिलांचाही फरक आहे. ओढ्यातली मादी थोडी पण मोठी अंडी घालते, त्यांतून थेट चिमुकले खेकडेच बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाशी बिलगून राहतात. वाहत्या ओढ्यात तरंगणारी पिले टिकली नसती.

हा फरक घरात कोणत्या कामाचा?

सूनबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत काही प्रदेशांत एक परजीवी कृमी राहतो. त्याला फुप्फुसाचा पर्णकृमी म्हणतात. त्याचे आयुष्य गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत सुरू होते, पुढे ते खेकड्याच्या शरीरात सरकते आणि असा खेकडा कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ला तर माणसाच्या फुप्फुसात जाऊन पोहोचते. मग महिनोन्‌महिने खोकला राहतो, तांबूस किंवा रक्तमिश्रित बेडका पडतो आणि अनेकदा क्षयरोग समजून भलतेच उपचार होतात. आपल्या देशात हा आजार मुख्यतः मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेश या ईशान्येकडील राज्यांतून नोंदला गेला आहे. तिथे काही समाजांत खेकडा कच्चा खाण्याची पद्धत होती. कोरियात एके काळी गोवर झालेल्या मुलांना गोड्या पाण्यातल्या शेवंडासारख्या प्राण्याचा कच्चा रस पाजत, आणि त्या औषधातूनच हा कृमी मुलांच्या शरीरात जाई.

समुद्रातल्या तीन ठिपक्यांच्या खेकड्याला हा धोका नाही, कारण त्या कृमीला लागणारी गोगलगाय समुद्रात नसतेच. म्हणजे मागच्या पायाचे वल्हे पाहून आबांनी जे ओळखले, त्याला आरोग्याच्या दृष्टीनेही अर्थ होता.

हे वाचून कुणी घाबरू नये. ओढ्याचा खेकडा चांगला शिजवला की हा कृमी मरतो. जपायचे ते शिजवण्याआधीच्या एका पायरीला. आपल्याकडे रश्श्यासाठी खेकड्याचे बारीक पाय पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटून त्यांचा रस गाळतात. रस पुढे उकळतो, ते ठीक. पण त्याच पाट्यावर लगेच हिरव्या मिरचीची चटणी वाटली, किंवा त्याच भांड्यात कोशिंबिरीचे दाणे फिरवले, तर कच्चा रस न उकळताच ताटात येतो. म्हणून खेकड्याचे वाटण सर्वांत शेवटी करावे आणि नंतर पाटा, विळी, भांडे, हात साबणाने व गरम पाण्याने धुवावेत. 'औषध' म्हणून कच्चा रस कुणालाही, विशेषतः लहान मुलांना आणि वृद्धांना, कधीही पाजू नये. फवारणी झालेल्या शेतातले किंवा मेलेले सापडलेले खेकडेही घरात आणू नयेत.

समुद्राचा खेकडा कच्चा चालतो, असा अर्थ मात्र काढू नका. समुद्राच्या पाण्यात वेगळे जंतू असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना ते कच्च्या मांसातून, तसेच हातावरच्या जखमेतूनही गंभीर आजार देऊ शकतात. अशा व्यक्तींनी खेकडे साफ करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे.

शिजले कधी म्हणावे? कवच लाल झाले म्हणजे शिजले, असे बहुतेक समजतात. ते पुरेसे नाही. खेकड्याच्या कवचात एक तांबडे-नारिंगी रंगद्रव्य असते. जिवंतपणी ते प्रथिनाशी बांधलेले असल्याने हिरवट दिसते. उष्णतेने ती गाठ सुटली की लाल रंग उघडा पडतो. हे कवचावर लवकर घडते, आत मांस अजून कच्चे असू शकते. म्हणून कवच फोडून पाहावे. मांस पांढरे आणि अपारदर्शक झाले, सहज सुटू लागले, की शिजले.

जिथे जात पाहून उपयोग नाही

एका बाबतीत मात्र हे सारे वर्गीकरण बाजूला ठेवावे लागते. ती बाब म्हणजे ॲलर्जी. खेकडा, कोळंबी, शेवंड यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि ॲलर्जी मुख्यतः त्याचीच असते. ते शिजवूनही नष्ट होत नाही. ओढ्याचा असो की समुद्राचा, ज्यांना कोळंबीने अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात किंवा धाप लागते, त्यांनी कोणताही खेकडा टाळावा. रस्साही टाळावा. उतारवयात ही ॲलर्जी नव्यानेही उद्भवू शकते. श्वास अडखळू लागला तर घरगुती उपाय करत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

युरिक ॲसिड आणि सांधेदुखीचेही तसेच. खेकड्यात प्युरिन असते. गाऊटचा झटका चालू असताना खेकडा नकोच. एरवी किती आणि कधी, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर विचारल्यावाचून खाऊच नये. समुद्री खेकड्यात मुळातच मीठ असते. त्यामुळे रक्तदाब असलेल्यांसाठी रश्श्यात मीठ बेताने घालावे.

आणखी एक जुना गैरसमज. रस्सा प्यायला म्हणजे ताकद आली, असे आपण मानतो. प्रथिने मुख्यतः मांसात असतात, पातळ रश्श्यात नव्हे. ज्येष्ठांना द्यायचेच असेल तर मांस सोडवून, दोन बोटांनी चाचपून, कवचाचा एकही तुकडा राहिला नाही याची खात्री करून द्यावे. कवळी असलेल्यांना आणि गिळण्यास त्रास होणाऱ्यांना ही खबरदारी फार मोलाची आहे.

नावाचे भय

लिनियसने साऱ्या खेकड्यांना दिलेला 'कॅन्सर' हा शब्द आपल्या कानांवर आज वेगळ्याच अर्थाने येतो. प्राचीन ग्रीक वैद्यांनी काही गाठींना खेकड्याचे नाव दिले. तोच शब्द लॅटिनमार्गे रूढ झाला आणि मराठीत आपण त्याला कर्करोग म्हटले. आजार आणि प्राणी यांचा संबंध या नावापुरताच. खेकडा खाल्ल्याने कर्करोग होतो किंवा बरा होतो, या दोन्ही गोष्टींना आधार नाही. घरात असा रुग्ण असेल, तर त्याच्या ताटात काय वाढायचे हे त्याच्या उपचारांवरून ठरवावे, शब्दाच्या सावलीवरून नव्हे.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

• मागचा पाय वल्ह्यासारखा, कडेला दाते आणि लांब काटा: खेकडा समुद्राचा. मागचा पाय अणकुचीदार, कवच गोल आणि गुळगुळीत: खेकडा ओढ्याचा.
• दोन्ही पूर्ण शिजवूनच खावेत. कवचाचा रंग नव्हे, आतले मांस पाहावे.
• कच्च्या रसाचा पाटा आणि भांडे धुतल्याशिवाय दुसऱ्या पदार्थाला वापरू नये.
• कोळंबीची ॲलर्जी असल्यास दोन्ही वर्ज्य.
• युरिक ॲसिड, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला.
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला रश्श्याच्या भरवशावर ठेवू नये. बेडक्याची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. ओढ्याचे खेकडे खाण्यात असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे.

ही शेवटची ओळ आबांच्या घरी मी सर्वांत आधी सांगितली. रस्सा संध्याकाळी होऊ दे, पण बेडका सकाळी तपासायला जाऊ दे, एवढाच आग्रह धरला. आबा थोडे कुरकुरले. "खेकडं पाहून जात वळखता येती, खोकला पाहून न्हाई व्हय?" असे म्हणाले. मी म्हटले, "आबा, खेकडा तुम्ही उलटा करून पाहिलात म्हणून ओळखलात. छातीही तशीच आतून पाहावी लागते." त्यावर ते हसले आणि दुसऱ्या दिवशी मुलासोबत तालुक्याला गेले. तपासणीत क्षयरोग निघाला नाही. वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने त्यांच्या श्वासनलिका सुजल्या होत्या. औषध सुरू झाले आणि पंधरवड्यात रात्रीची झोप परत आली.

त्या संध्याकाळी आबांनी सोडवून दिलेले दोन घास खाल्ले. रिकामे कवच सूनबाई टाकून देणार, इतक्यात आबांनी ते मागून घेतले आणि नातवाला जवळ बसवून काठावरचे दाते मोजायला लावले. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूलाही नऊ. मग म्हणाले, "आता उद्या वढ्यावरचं एक आण. त्याचंबी मोजू."